जुन्या डेस्कटॉपला १६ जीबी रॅम आणि लिनक्स मिंट २२: सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, गेमिंगसाठी वगैरे रॅम घ्यायची असेल तर यात तुमच्या कामाचं फार काही नाही. आमचं डोंबिवलीला डीटीपीचं छोटं ऑफिस आहे आणि गेल्या काही वर्षांत त्यातलं निम्मं काम जुने दिवाळी अंक, मासिकं, संस्थांचे अहवाल स्कॅन करून पीडीएफ करून द्यायचं झालंय. मशीन जुनंच, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, २४० जीबीची एसएसडी सिस्टिमला आणि स्कॅन ठेवायला १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि त्याच महिन्यात ४-४ जीबीच्या दोन स्टिक काढून ८-८ च्या दोन टाकल्या. सेकंडहँड डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ, एक साडेआठशेला पडली.

म्हणजे सतराशे रुपयांचा खर्च. एवढ्याशा खर्चावर एवढं मोठं कशाला लिहितेय असं वाटेल, पण मेमरी या विषयावर मला इतकी वर्षं जे चुकीचं सांगितलं गेलं (रॅम भरलेली दिसली की ती साफ करा) त्यात माझा पैसा आणि वेळ दोन्ही गेलाय, आणि अजूनही आजूबाजूला रोज तेच ऐकू येतं म्हणून लिहितेय.

झालं असं होतं की विंडोज असताना मशीन स्लो झालं म्हणून एकाला बोलावलं होतं. त्याने टास्क मॅनेजर उघडला, मेमरी भरलेली दाखवली आणि म्हणाला रॅम जाम झालीय, साफ करायला लागेल. मग एक रॅम क्लीनर टाकून दिला जो दर १० मिनिटांनी आपोआप मेमरी "मोकळी" करायचा, कोपऱ्यात हिरवा आकडा यायचा, एवढे एवढे एमबी मोकळे झाले. मी खूश. फक्त त्या दिवसापासून काम आणखी रखडायला लागलं, एका विंडोतून दुसरीत गेलं की हार्ड डिस्क करकरायची आणि पेजमेकिंगची फाइल समोर यायला चार-पाच सेकंद लागायचे. मी वर्षभर हे डिस्क म्हातारी झाल्याचं लक्षण समजत होते. आत काय चाललं होतं ते आता कळतंय. तो क्लीनर चालू असलेल्या प्रोग्रामांच्या हातातली मेमरी जबरदस्तीने काढून घ्यायचा, डिस्कवरून वाचून जपून ठेवलेला डेटा फेकून द्यायचा, आणि पुढच्याच मिनिटाला तोच डेटा परत डिस्कवरून आणायला लागायचा. आकडा मोकळा दिसायचा आणि किंमत मी मोजत होते.

रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानाचं नाव देत नाही पण त्या मुलाला पूर्ण मार्क. मी म्हटलं ८-८ च्या दोन द्या, तर त्याने आधी विचारलं, "ताई, रॅम भरलेली दिसते म्हणून घेताय का खरंच कमी पडतेय म्हणून?" मला फरकच कळला नाही. मग तो म्हणाला मशीनचा स्क्रीन दाखवा. भाच्याला फोन लावून ऑफिसातल्या मशीनवर टर्मिनल उघडायला लावलं, फ्री कमांड (मेमरीचा हिशोब दाखवणारी) चालवून त्याचा फोटो मागवला. त्या मुलाने बोट ठेवलं ते "फ्री" या कॉलमवर नाही, शेवटच्या "अव्हेलेबल" या कॉलमवर. म्हणाला, फ्री कमी असणारच, तो बघून घाबरायचं नाही, अव्हेलेबल किती आहे ते बघायचं, आणि मग विचारलं तुमचं एका वेळचं कामाचं फोल्डर किती मोठं असतं. गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन उभं असताना हे प्रश्न विचारणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला.

तर मुद्दा काय आहे. प्रोग्राम चालवून जी रॅम उरते ती ऑपरेटिंग सिस्टिम रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून जे जे वाचलं त्याची प्रत ती उरलेल्या रॅममध्ये ठेवून देते, त्याला पेज कॅशे म्हणतात, कारण मेमरीचे ४ केबीचे तुकडे करून त्यांना पेज म्हणतात. तीच फाइल परत मागितली की डिस्ककडे जायचंच नाही. आम्ही ज्या वाचनालयाचे अंक स्कॅन करतो तिथल्या ग्रंथपाल बाई नेमकं हेच करतात, परत आलेलं पुस्तक लगेच आतल्या कपाटात नेऊन लावत नाहीत, काउंटरवर ठेवतात, कारण तासाभरात कुणीतरी तेच मागायला येतं. काउंटरवर जागा लागली तर त्यातलं बरेच दिवस कुणी न मागितलेलं आत जातं. काउंटर भरलेला दिसतो म्हणून कुणी वाचनालय बंद पडलं म्हणत नाही.

माझ्या मशीनवर आत्ता हे लिहिताना आकडे असे आहेत: एकूण १५ जीबी (१६ मधला थोडा भाग हार्डवेअर घेतं), वापरात २.६, फ्री फक्त ०.४, बफ-कॅशे (म्हणजे या डिस्कच्या प्रती) १२, आणि अव्हेलेबल १२ च्या वर. म्हणजे फ्री बघितलं तर रॅम संपलीय आणि अव्हेलेबल बघितलं तर तीन चतुर्थांशाहून जास्त हाताशी आहे, आणि या दोन्हींतली दुसरी गोष्ट खरी आहे. कॅशेतली जी पेजेस डिस्कवर जशीच्या तशी आहेत ती टाकून द्यायला काहीच वेळ लागत नाही, कुठे लिहायचं नसतं, एखाद्या प्रोग्रामला मेमरी लागली की सरळ ती जागा त्याला देतात. लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) हा अव्हेलेबलचा अंदाज २०१४ मध्ये ३.१४ या व्हर्जनपासून आला, त्याआधी लोकांना फ्री, बफर आणि कॅश्ड यांची बेरीज स्वतः करायला लागायची आणि ती सुद्धा नीट यायची नाही.

हे फक्त लिनक्सचं नाही. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या टॅबवर बघा, गडद निळा पट्टा दिसेल, स्टँडबाय, तो म्हणजे हीच कॅशे. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा त्यात सुपरफेच नावाची सर्व्हिस होती, तुम्ही रोज काय उघडता ते लक्षात ठेवून आधीच रॅममध्ये आणून ठेवायची, आणि फ्री मेमरी शून्याजवळ दिसते म्हणून लोक घाबरले होते. ती सर्व्हिस आजही आहे, नाव बदलून सिसमेन झालंय. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये "कॅश्ड फाइल्स" म्हणून वेगळी ओळच दिलीय, ते मला सगळ्यात स्वच्छ वाटतं.

आता टेस्ट. एक दिवाळी अंक धरा, २४० पानं. ३०० डीपीआयला कलर, ए४ मापाचं एक पान अनकॉम्प्रेस्ड टिफमध्ये साधारण २६ एमबी होतं (२४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, प्रत्येकाला ३ बाइट). २४० पानं म्हणजे सव्वासहा जीबी. हे फोल्डर आमच्याकडे किमान चार-पाच वेळा पूर्ण वाचलं जातं, थंबनेल बनताना, स्कॅनटेलरमध्ये पानं सरळ करताना, पीडीएफ बांधताना, बॅकअपला कॉपी करताना, मग चेकसम (कॉपी तंतोतंत झाली का ते तपासायचा आकडा) काढताना.

मी नुसतं हे अख्खं फोल्डर वाचून काढायला किती वेळ लागतो ते मोजलं. ८ जीबी असताना पहिल्यांदा ५६ सेकंद. लगेच दुसऱ्यांदा वाचलं तर जवळपास तेवढेच. मी म्हटलं मग ही कॅशे करते काय? १६ जीबी टाकल्यावर पहिल्यांदा तेच ५६, आणि दुसऱ्यांदा दोन सेकंद. मला खरं वाटेना म्हणून कॅशे रिकामी करून (रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला, ड्रॉप कॅशेस नावाची सोय असते, फक्त असल्या टेस्टपुरती वापरायची) परत केलं, परत ५६ आणि परत दोन.

या दोन सेकंदांपेक्षा आधीचे ५६ आणि ५६ मला जास्त शिकवून गेले. ८ जीबीमध्ये प्रोग्राम वगैरे जाऊन कॅशेला जेमतेम ५ जीबी उरत होते आणि फोल्डर सव्वासहाचं. पानं ओळीने वाचली जातात, १ पासून २४० पर्यंत, आणि जागा संपली की सगळ्यात जुनी पानं बाहेर जातात, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत पोचेपर्यंत पहिली चाळीसेक पानं बाहेर गेलेली. मग परत १ पासून सुरुवात केली की १ नाही, ते आणताना ५० च्या आसपासची बाहेर, ५० ला पोचेपर्यंत ती नाहीत, असं करत करत अख्खं फोल्डर डिस्कवरूनच येतं. पाच जीबी कॅशे असून उपयोग शून्याजवळ. लिनक्स अगदी इतक्या साध्या नियमाने चालत नाही, वरचेवर लागणारी पानं आणि एकदाच लागलेली पानं वेगवेगळ्या यादीत ठेवतं, पण माझ्या कामात सगळी पानं सारख्याच वेळा लागतात त्यामुळे वेगळं काढायला काही सापडत नाही. म्हणून रॅम दुप्पट केल्यावर काम दुप्पट वेगाने झालं असं झालं नाही, एका मर्यादेच्या अलीकडे काहीच फायदा नव्हता आणि ती ओलांडल्यावर एकदम सगळाच मिळाला. दुकानातल्या मुलाने फोल्डरचं माप का विचारलं ते मला घरी येऊन हे आकडे बघितल्यावर कळलं.

डिस्क आणि रॅममध्ये एवढा फरक का, तर ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, वर हेड सरकवायला वेगळा वेळ. कुठलाही एक तुकडा शोधून आणायला साधारण १२ मिलिसेकंद धरा. रॅमला साधारण १०० नॅनोसेकंद. म्हणजे रॅममधून आणायला एक सेकंद लागतो असं धरलं तर डिस्कवरून तीच गोष्ट आणायला तेहतीस तास. स्कॅन एसएसडीवर ठेवले तर हा फरक पुष्कळ कमी होतो हे मान्य, साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीपर्यंत देते, पण आमच्याकडे स्कॅनचा साठाच इतका आहे की सगळं एसएसडीवर परवडत नाही.

कुठे फायदा नाही तेही सांगते. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणं. त्यासाठीच्या टेसरॅक्ट या प्रोग्रामला मराठी पान वाचायला प्रोसेसर लागतो, एकेका पानाला काही सेकंद जातात, तिथे फाइल डिस्कवरून आली काय नि रॅममधून आली काय, एकूण वेळेत काही फरक पडला नाही. स्कॅनरचाही वेग तोच राहिला. सकाळी मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा फोल्डर उघडताना पण जुनाच वेग, कारण रात्री बंद केलं की कॅशे गेली. म्हणून मी आता दुपारी जेवायला जाताना शटडाउन करत नाही, सस्पेंड करते, रॅमला वीज चालू राहते आणि आल्यावर फोल्डर होतं तिथेच असतं.

आता जी गोष्ट मला महागात पडली ती. कॅशे फक्त वाचण्यासाठी नसते, लिहिण्यासाठी पण असते. तुम्ही फाइल सेव्ह किंवा कॉपी केली की ती आधी रॅममध्ये जाते, त्या पेजेसना डर्टी म्हणतात, आणि मागून सावकाश डिस्कवर उतरतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये लिनक्स दर ५ सेकंदांनी बघतं आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी डर्टी पेजेस लिहायला काढतं. उपलब्ध मेमरीच्या १० टक्के डर्टी झाली की मागून लिहायला लागतं आणि २० टक्क्यांच्या मर्यादेकडे गेलं की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून धरतं. हे टक्क्यांत आहे, म्हणजे रॅम वाढली की ही मर्यादा पण वाढते. आधी पेनड्राइव्हवर दीड जीबीची पीडीएफ टाकताना बार अर्ध्याच्या आसपास जाऊन रेंगाळायचा. १६ जीबी झाल्यावर तोच बार सर्रकन शेवटपर्यंत. मला वाटलं वा, पेनड्राइव्हपण फास्ट झाला. प्रेसवाल्याचा माणूस दारात उभा, मी ड्राइव्ह उपसून त्याच्या हातात दिला. संध्याकाळी फोन, "ताई, फाइल उघडत नाहीये." उघडणार कशी, तिचा बराचसा भाग अजून माझ्या रॅममध्येच होता. आमचा पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीने लिहितो, दीड जीबीला तीन मिनिटं लागणारच, बार कितीही पळाला तरी. छपाई एक दिवस पुढे गेली आणि त्या संस्थेचा प्रकाशनाचा कार्यक्रम होता, मला अजून वाईट वाटतं.

त्यामुळे हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते, इजेक्ट दाबा आणि "आता काढा" असा मेसेज येईपर्यंत हात लावू नका, ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकत असेल तर अजून लिहिणं चालू आहे. सारखं पेनड्राइव्हचं काम असेल तर डर्टी बाइट्स नावाच्या सेटिंगने ही मर्यादा टक्क्यांऐवजी ठरावीक एमबीला बांधता येते, भाच्याने माझ्याकडे २०० एमबी करून दिलीय, तेव्हापासून बार खरं बोलतो. याच कारणासाठी यूपीएस पण घेतला. लाइट गेली तर फाइल सिस्टिमची रचना जर्नलमुळे (डिस्कवरच्या बदलांची आधी केलेली नोंद) वाचते, पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात केलेलं आणि डिस्कवर न उतरलेलं काम वाचेलच असं नाही.

जाता जाता, एका परिचितांनी स्कॅनच्या बॅकअपसाठी झेडएफएसवालं (ही एक वेगळी फाइल सिस्टिम) स्टोरेज बसवलंय आणि ते मला म्हणाले त्यांच्याकडे "यूज्ड"च १३ जीबी दाखवतंय, काहीतरी गडबड आहे. गडबड नाही, झेडएफएसची स्वतःची वेगळी कॅशे असते, एआरसी, आणि लिनक्सवर ती फ्री कमांडमध्ये बफ-कॅशेत न दिसता यूज्डमध्ये दिसते. या एआरसीची मूळ पद्धत २००३ मध्ये आयबीएममधल्या निमरोद मेगिडो आणि धर्मेंद्र मोढा या दोघांनी मांडली, आणि मोढा आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईतून १९९० ला बी.टेक. झालेले. मला हे वाचून फार छान वाटलं. त्यांची कल्पना अशी की नुकतीच लागलेली पानं (म्हणजे मेमरीतली पेजेस) आणि वारंवार लागणारी पानं अशा दोन याद्या ठेवायच्या, बाहेर काढलेल्या पानांची नुसती नावं पण लक्षात ठेवायची, आणि बाहेर काढलेलंच कुणी परत मागितलं तर आपण कुठल्या यादीला जागा कमी दिली ते ओळखून वाटणी बदलायची. एखाद्याने मोठा बॅकअप एकदाच वाचून काढला तरी रोजच्या कामाच्या फाइली कॅशेतून हाकलल्या जात नाहीत.

आणि फोनवरचे रॅम बूस्टर. सासूबाईंच्या फोनमधून मी ते काढून टाकलं. अँड्रॉइडच्या खाली लिनक्सचाच कर्नल आहे, मेमरी कमी पडली तर अँड्रॉइड स्वतःच मागची ॲप बंद करतं, आपण झाडू मारला की व्हॉट्सॲप दर वेळी पहिल्यापासून उघडायला लागतं एवढंच.

तुम्ही घेणार असाल तर: आधी तुमच्या नेहमीच्या कामाच्या मध्यावर फ्री कमांड चालवा, अव्हेलेबल बघा, आणि शेजारी तुमच्या सगळ्यात मोठ्या कामाच्या फोल्डरचं माप लिहा. फोल्डर आधीच आत बसत असेल तर रॅमवर पैसे घालू नका, त्यापेक्षा एसएसडी घ्या. थोडक्यासाठी बसत नसेल तर रॅम घ्या, फरक लगेच जाणवेल. फोल्डर शंभर जीबीचं असेल तर १६ ने काही होणार नाही. सेकंडहँड स्टिक घेतलीत तर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा, खराब स्टिक असली तर कॅशेतून बिघडलेला डेटा डिस्कवर लिहिला जाऊ शकतो आणि ते लगेच लक्षातही येत नाही. माझ्या दोन्ही पास झाल्या, दुकानदाराने तशी आठ दिवसांची बदलून द्यायची मुदतही दिली होती.

माझ्या बोर्डला दोनच स्लॉट आहेत, त्यामुळे १६ च्या पुढे जागा नाही. आत्ता टेबलावर जो गठ्ठा आलाय त्यात बारीक टाइपाचे अंक आहेत, ते ४०० डीपीआयलाच करायला लागणार, म्हणजे पान ४६ एमबी आणि २४० पानांचं फोल्डर अकरा जीबीच्या वर. काल मोजलं, ब्राउजर बंद करून अव्हेलेबल १३ दाखवतंय. बसतंय. स्कॅनटेलरला हातपाय पसरायला थोडी जागा ठेवायची म्हणून मी अंकाचे दोन भाग करणार आहे, १२०-१२० पानांचे.